राज्यसभेला बगल देणे थांबवा



संसदेचे अधिवेशन गोंधळात वाया गेले की ‘राज्यसभा हवीच कशाला’ असा सूर लागतो. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदारांना हॉटेलात नेऊन ठेवलेले पाहून तर लोक आणखी संतापतात. हा संताप रास्त आहे. पण या सभागृहाचे सर्वांत मोठे नुकसान धनविधेयकाच्या आडवाटेने होत आहे आणि त्याबद्दल फार थोडे लोक बोलतात.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 109 प्रमाणे धनविधेयक फक्त लोकसभेत मांडता येते. राज्यसभेने ते 14 दिवसांत परत पाठवायचे असते. तिने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या, तर विधेयक आहे तसे मंजूर झाल्याचे मानले जाते. ही व्यवस्था योग्यच आहे. सरकारचा कर आणि खर्च राज्यसभेने अडवून धरू नये. म्हणूनच अनुच्छेद 110 ने व्याख्या घट्ट बांधली आहे. कर, सरकारी कर्ज, एकत्रित निधी अशा ठरावीक बाबी आणि त्यांना आनुषंगिक मजकूर, केवळ एवढेच ज्यात असेल ते धनविधेयक. ते ठरवण्याचा अधिकार लोकसभा अध्यक्षांचा आणि त्यांचा निर्णय अंतिम.

ही व्याख्या कशी ताणली जाते, याचे आधारचे उदाहरण महाराष्ट्राने तरी विसरू नये. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या योजनेसाठीचे विधेयक आले, ते साधे विधेयक म्हणून आणि तेही राज्यसभेतच. स्थायी समितीने त्यावर कडक आक्षेप घेतले. नवे विधेयक 3 मार्च 2016 रोजी लोकसभेत मांडले गेले ते मात्र धनविधेयक म्हणून. त्यात एकत्रित निधीतून मिळणाऱ्या अनुदानाचे कलम होते, जे जुन्या विधेयकात नव्हते, हे मान्य. पण त्यातच खासगी कंपन्यांना आधार वापरण्याची मुभा देणारे कलम 57 सुद्धा होते. खासगी कंपनीने ग्राहकाची ओळख पटवण्याचा सरकारी तिजोरीशी काय संबंध?

राज्यसभेने 16 मार्चला पाच दुरुस्त्या सुचवल्या. कलम 57 वगळा, ही त्यातलीच एक. लोकसभेने त्याच दिवशी पाचही फेटाळल्या. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा वैध ठरवला, पण कलम 57 मधली खासगी वापराची मुभा रद्द केली. राज्यसभेने जे मार्च 2016 मध्येच सांगितले होते, त्यासाठी नागरिकांना अडीच वर्षे न्यायालयात झगडावे लागले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तर आपल्या भिन्नमत निकालपत्रात हा कायदा धनविधेयक म्हणून मंजूर करणे ही घटनेची फसवणूक असल्याचे म्हटले.

2017 चे वित्त विधेयकही याच वाटेने गेले. न्यायाधिकरणांची रचना आणि निवडणूक रोखे हे दोन्ही विषय त्यात घुसडले गेले. राज्यसभेच्या दुरुस्त्या पुन्हा फेटाळल्या गेल्या. निवडणूक रोखे 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरले ते मतदाराच्या माहितीच्या हक्कामुळे. धनविधेयकाचा मुद्दा त्या निकालाने सोडवला नाही. तो मुद्दा 2019 मध्येच पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सात न्यायमूर्तींकडे सोपवला होता. आधारच्या निकालात ‘केवळ’ या शब्दाचा पुरेसा विचार झाला नाही, असे त्या पीठाचे म्हणणे होते.

थेट जनतेने निवडलेल्या सरकारला राज्यसभेने का अडवावे, असे विचारले जाते. मतभेद मिटवण्यासाठी घटनेने अनुच्छेद 108 मध्ये संयुक्त बैठक दिलेली आहे. 1961 मध्ये हुंडाबंदी, 1978 मध्ये बँक सेवा आयोग आणि 2002 मध्ये ‘पोटा’ अशा तीन विधेयकांसाठी ती झाली आणि तिन्ही मंजूर झाली. ज्या सरकारपाशी आकडे आहेत, त्याने उघडपणे त्या मार्गाने जावे. तिथे किमान चर्चा होते, मतदान होते, राज्यांच्या प्रतिनिधींचे मतही मोजले जाते. आणि अडवणूक म्हणजे नाश नव्हे. 1989 मध्ये पंचायत राज आणि नगरपालिकांची घटनादुरुस्ती विधेयके राज्यसभेत पडली. त्यानंतर 1992 मध्ये दोन्ही सभागृहांनी 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती मंजूर केली.

सत्तेवर कोणताही पक्ष असो, धनविधेयकाची ही आडवाट त्याला मोहात पाडणारच. म्हणून लोकसभा अध्यक्षांनी धनविधेयकाचे प्रमाणपत्र देताना लेखी कारणे द्यावीत, विधेयकातले कोणते कलम अनुच्छेद 110 मधल्या कोणत्या बाबीत बसते ते सांगावे आणि ती कारणे न्यायालयीन तपासणीला खुली असावीत. महाराष्ट्राचे 19 खासदार राज्यसभेत बसतात. ज्या विधेयकावर त्यांच्या मताला किंमतच उरत नाही, त्याबाबत त्यांनी पक्ष बाजूला ठेवून सभागृहात आवाज उठवावा, एवढी माझी त्या सर्वांना विनंती आहे.

— एक वाचक, धुळे