रुसलेला पंखा

दिवाळी अंकातल्या या सदरात आपण दरवर्षी घरातले एखादे यंत्र उघडून बसतो. कधी मिक्सर, कधी पाण्याचा पंप. यंदा मात्र घर सोडून अंगणात उभ्या असलेल्या एका छोट्या ट्रककडे वळावे म्हणतो. आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या दारी ट्रक असेल, हे मला ठाऊक आहे. पण इंजिन थंड ठेवणारा विजेचा पंखा हल्ली बहुतेक मोटारींच्या पुढच्या जाळीमागे असतो, आणि तो रुसला म्हणजे ऐन प्रवासात कुटुंबाला झाडाखाली बसून राहावे लागते. शिवाय या ट्रकने आम्हांला जो धडा दिला, तो निव्वळ मोटारीपुरता नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही पुण्याहून ताईकडे गेलो होतो. ताईचे घर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. दिवाळीचा सुमार म्हणजे तिकडे कापूस वेचणीचे दिवस. शेतात सीतादहीची पूजा झाली, की बायामाणसे ओट्या बांधून कापसात शिरतात, आणि वेचलेला कापूस बाजारात नेण्यासाठी गाडीची ओढाताण सुरू होते. भाऊजींचा ट्रक स्वतःचा कापूस तर नेतोच, पण शेजारपाजाऱ्यांच्या भाड्यावर वर्षाचा किराणाही भागवतो. अशा वेळी तो एमएच 29 नंबरचा ट्रक अंगणात तोंड वर करून उभा होता, आणि भाऊजी त्याच्याभोवती येरझारा घालत होते.

"काय सांगू भाऊ," ते म्हणाले, "इंजिन बदलून दोन महिने झाले, अन् दर फेरीला पाणी उकळून ऱ्हायलं!"

इंजिन बदलणे ही गोष्ट यवतमाळला तशी नवी नाही. मूर्तिजापूरहून येणारी चिमुकली शकुंतला गाडी आमच्या पिढीला चांगली आठवते. 1921 साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन तिला सत्तर वर्षे ओढत होते. 15 एप्रिल 1994 रोजी ते निवृत्त झाले आणि डिझेलचे इंजिन जोडले गेले. आता तर ती गाडीही धावत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. वाफेचे इंजिन जाताच त्याच्यासाठी लागणारा कोळसा, बाष्पकात भरायचे पाणी आणि भट्टीपाशी उभा असणारा माणूस, यांचीही गरज सरली. इंजिन एकटे कधीच बदलत नाही, त्याच्याभोवतीचे गणगोतही बदलते. ट्रकच्या बाबतीत नेमके हेच विसरले गेले होते.

भाऊजींच्या जुन्या इंजिनाचा पंखा पट्ट्यावर फिरे. इंजिन चालू की पंखा चालू, मग गरज असो वा नसो. नवे म्हणून बसवलेले इंजिन दुसऱ्या जातीच्या गाडीचे. ते लांबीला जास्त, त्यामुळे रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये पट्ट्याचा पंखा मावेना. म्हणून कारागिराने विजेचा पंखा लावून दिला. (इंजिनाचा नंबर नोंदणीपत्रात असतो, तेव्हा असा बदल आर.टी.ओ.कडे रीतसर नोंदवून घ्यावा लागतो. भाऊजींनी तेवढे केले होते.)

विजेचा पंखा मोठा हिशेबी असतो. पाणी साधारण 90 ते 95 अंशांपर्यंत तापले, म्हणजे रेडिएटरवरचा थर्मो स्विच जागा होतो. तो रिलेला खूण करतो. रिले बॅटरीचा जाड प्रवाह फ्यूजमधून पंख्याकडे सोडते, पंखा फिरतो, आणि प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून, म्हणजे 'अर्थ'मधून, बॅटरीकडे परततो. या साखळीतली एक कडी ढिली झाली तरी पंखा बिघडल्यासारखा वाटतो.

भाऊजींच्या पंख्याचे लक्षण चमत्कारिक होते. मोकळ्या रस्त्याने गाडी पळताना काटा जागेवर असे, कारण समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवी. पण कापूस भरून बाजाराच्या रांगेत उभी राहिली की काटा चढे. पंखा फिरे, पण मरगळल्यासारखा. त्यावर दोन महिन्यांत नवी मोटार बसली, नवा थर्मो स्विच बसला, नवी बॅटरीही आली. गुण मात्र काडीचा नाही.

"आणि ड्रायव्हर?" मी विचारले. ताईचा चेहरा उतरला. गावातलाच तो तरुण, चार वर्षे गाडीवर होता. पाण्याकडे लक्ष देत नाही म्हणून भाऊजी त्याच्यावर रागावले, खर्चाचा काही भाग त्याच्या पगारातून कापला, आणि तो गाडी सोडून गेला.

"जाण्याआधी तो एक सांगत होता," ताई हळूच म्हणाली. "रात्री दिवे लावले की पंखा मंदावतो. पण यांनी ऐकूनच घेतले नाही."

वाचकहो, सारा उलगडा त्या एका वाक्यात होता. दिव्यांचा आणि पंख्याचा मार्ग कुठेतरी एकच आहे आणि तिथे वीज अडते आहे, एवढे त्या पोराने बरोबर हेरले होते. तरीही अंदाजावर विसंबायचे नाही, म्हणून आम्ही क्रमाने तपासणी केली. तो क्रम आपल्याही उपयोगी पडेल.

पहिली परीक्षा पंख्याची. इंजिन बंद करून, पंख्याच्या वायरी सोडवून आम्ही तो दोन जाड वायरींनी सरळ बॅटरीला जोडला. पंखा असा घोंघावला की अंगणातली कोंबडी पळाली! रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा कागद धरला, तो जाळीला चिकटला. म्हणजे पंखा हवा योग्य दिशेने ओढतो आहे. वायरी उलट जोडल्या गेल्या असत्या तर पंखा उलटा फिरून समोरच्या वाऱ्याशीच भांडला असता, आणि हा घोटाळा इंजिन बदलल्यावर पुष्कळदा होतो.

दुसरी परीक्षा स्विचची. पंखा पूर्ववत जोडून थर्मो स्विचच्या दोन वायरी एकमेकींना लावल्या. रिले 'टक्' करून बोलली आणि पंखा फिरला, पण तसाच मरगळलेला. म्हणजे रिलेला खूण पोचते आहे. याउलट पंखा या परीक्षेत जोरात फिरला असता आणि एरवी फिरत नसता, तर स्विच खराब, किंवा पाण्यात हवा कोंडल्यामुळे स्विचपर्यंत ऊनच पोचत नाही, असा निष्कर्ष निघाला असता.

तिसरी परीक्षा मीटरची. पंखा चालू असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, पंख्यापाशी जेमतेम नऊ. उरलेले कुठे मुरले? मीटरची एक तार पंख्याच्या काळ्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. तिथे अर्ध्या व्होल्टहून कमी दिसायला हवे, दिसले तीन! वीज जाताना नव्हे, तर परतताना अडत होती.

मग मी गाडीखाली शिरलो. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी, वेणीसारखी विणलेली सपाट तार असते. जुने इंजिन काढताना ती सोडली होती, आणि नव्या इंजिनाला तिच्या जागी बोल्टच नसल्यामुळे ती तशीच लोंबत राहिली होती. बॅटरीचे ऋण टोक थेट इंजिनाला, म्हणून स्टार्टर जोमाने फिरे आणि बॅटरीविषयी कोणाला शंका येत नसे. दिव्यांची आणि पंख्याची वीज मात्र बारीकसारीक तारांतून चोरवाटेने घरी परतत होती. आम्ही रंग खरवडून धातू उजळला, नवी वेणी दोन्ही टोकांनी घट्ट आवळली. पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला, आणि दिवे लावले तरी मंदावला नाही.

दोन सूचना मात्र विसरू नका. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आणि पुष्कळ गाड्यांत हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, म्हणून तार सोडवल्याशिवाय त्यात बोट घालू नये. फ्यूज वारंवार जात असेल तर त्या जागी मोठा फ्यूज बसवणे म्हणजे गाडीला आग लावण्याची पूर्वतयारी.

गाडी दुरुस्त झाली, पण भाऊजी गप्पच होते. भाऊबीजेच्या संध्याकाळी ओवाळणी झाल्यावर त्यांनी ताईला फराळाचा डबा भरायला सांगितला, कपाटातून एक पाकीट घेतले, आणि मला म्हणाले, "चल भाऊ." आम्ही त्या ड्रायव्हरच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसला होता. उठून उभा राहिला, पण हसला नाही.

भाऊजींनी पाकीट त्याच्या आईच्या हाती दिले आणि त्याला म्हणाले, "चूक माही होती. अर्थची तार सुटेल होती."

पोरगा थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "मी सांगतलं होतं जी. दिवे लावले का पंखा झोपते."

"सांगतलं होतं," भाऊजी म्हणाले. "मीच नाही ऐकलं."

तो लगेच कामावर परतला असे मात्र नाही. त्याने वणीकडे दुसरी गाडी धरली होती आणि दिलेला शब्द मोडायला तो तयार नव्हता. पण निघताना तो आमच्याबरोबर अंगणापर्यंत आला, बॉनेट उघडून त्याने दिवे लावले, पंख्याचा आवाज कान देऊन ऐकला, आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा हसला.

यंत्र बिघडले की आपण आधी वस्तू बदलतो, मग माणूस बदलतो, आणि तार सर्वांत शेवटी पाहतो. यंदा आपल्या घरी एखादे यंत्र रुसले, तर ते रोज हाताळणाऱ्याला आधी विचारा, मग तो नोकर असो, सून असो की शाळकरी मुलगा. मीटर त्यानंतर काढा. आपणां सर्वांना ही दीपावली सुखाची जावो.