विश्लेषण : ‘स्थानिकांना ठरवू द्या’ म्हणणारे लुईस कॅस कुठे चुकले?

नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी, हे तिथल्या लोकांनीच ठरवावे, असा तोडगा अमेरिकी नेते लुईस कॅस यांनी डिसेंबर १८४७ मध्ये मांडला. वरवर तो शुद्ध लोकशाहीचा वाटतो. पण ‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न त्यात गाळलेला होता.

कॅस कोण होते?

जन्म १७८२, एक्झेटर, न्यू हॅम्पशायर. तरुणपणीच ते पश्चिमेकडे ओहायोत आले आणि वकील झाले. ब्रिटनविरुद्ध १८१२ मध्ये सुरू झालेल्या युद्धात ते लढले. १८१३ ते १८३१ अशी तब्बल १८ वर्षे ते मिशिगन प्रदेशाचे गव्हर्नर होते.

मूलनिवासींशी त्यांचे वर्तन कसे होते?

१८१९ च्या सॅगिनॉ कराराने त्यांनी मूलनिवासींकडून सुमारे ६० लाख एकर जमीन मिळवली. पुढे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे युद्धमंत्री म्हणून मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हटवण्याचे धोरण त्यांनी राबवले. तेव्हा मात्र ‘स्थानिकांना ठरवू द्या’ हे तत्त्व कुणाला आठवले नाही.

तोडग्याचे पुढे काय झाले?

१८४८ ची अध्यक्षीय निवडणूक कॅस हरले, पण कल्पना टिकली. १८५४ च्या कायद्याने ती कॅन्सस आणि नेब्रास्काला लागू झाली. शेजारच्या मिसुरीतून टोळ्या कॅन्ससमध्ये घुसून मतदान करू लागल्या. दोन प्रतिस्पर्धी सरकारे उभी राहिली, रक्त सांडले. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा होता, त्या गुलामांना मात्र मतच नव्हते.

त्यांची दुसरी बाजू कोणती?

कॅस देशाच्या ऐक्याचे कट्टर समर्थक होते. दक्षिणेतील राज्ये फुटू पाहत असताना चार्ल्स्टनच्या किल्ल्यांना कुमक पाठवायला अध्यक्ष ब्युकॅनन तयार नव्हते. म्हणून डिसेंबर १८६० मध्ये कॅस यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडले. हा बाणेदारपणा खराच. पण ज्या वादावरून देश फुटत होता, तो मिटवण्याऐवजी त्यांच्या तोडग्याने चिघळवला होता.

आज हे का महत्त्वाचे?

गुलामगिरी अखेर संपली ती यादवी युद्धाने आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीने. पुढच्याच वर्षी कॅस यांचे निधन झाले. २०२० मध्ये मिशिगनच्या राजधानीतील एका सरकारी इमारतीवरून त्यांचे नाव हटवण्यात आले. नाव काढणे सोपे आहे. धडा लक्षात ठेवणे अधिक गरजेचे. माणसाचे मूलभूत हक्क शेजाऱ्यांच्या बहुमतावर सोडले, तर त्या मतदानाला लोकशाही म्हणता येत नाही.