झुंबर घेण्याआधी खोली मोजा

चाळीतून इमारतीतल्या नव्या घरात बिऱ्हाड हलले, की पहिली हौस होते ती दिव्याची. वर्षानुवर्षे एका बल्बवर दिवस काढलेले असतात. मग घरातली मंडळी म्हणतात, निदान एक झुंबर तरी हवेच. हौसेला आमचा विरोध नाही. कष्टाचा पैसा वाया जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे.

आमचीच गोष्ट घ्या. नव्या घरासाठी आम्ही झुंबर आणले. दुकानात ते बेताचे वाटले, कारण तिथले छत उंच आणि भोवती शंभर दिवे पेटलेले. घरी मधला हूक पंख्याचा, म्हणून ते बाजूला टांगले. पाहुणे डोके वाकवून जाऊ लागले, चादर झटकताना हात लागू लागला. रंगीत काचेमुळे मुलीच्या वहीवर उजेडही पडेना. सहा महिन्यांत झुंबर माळ्यावर गेले. त्यातून शिकलो ते वाचकांसाठी देत आहोत.

दुकानात जाण्याआधी खोलीची लांबी-रुंदी फुटांत मोजा आणि दोन्हींची बेरीज करा. बेरीज येईल तितके इंच दिव्याची रुंदी, असा साधा हिशेब आहे. 10 बाय 12 च्या खोलीला 22 इंच. आपल्या घरात कपाट, पलंग, शिलाई मशीन एकाच खोलीत असते, तेव्हा याहून लहानच घ्यावा. त्या मापाचा पुठ्ठा गोल कापून दोन दिवस दोरीने टांगून पाहा. अडचण होत असेल तर लगेच कळेल.

दिव्याचे खालचे टोक जमिनीपासून निदान 7 फूट वर हवे. छत 9 फुटांचे असेल, तर साखळीसकट सगळा दिवा 2 फुटांत बसला पाहिजे. बसत नसेल, तर छताला चिकटणारा किंवा भिंतीवरचा दिवा बरा. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर नको; सावल्या फिरत राहतात आणि डोळ्यांना त्रास होतो.

उजेडासाठी खोक्यावरचे ल्युमेन पाहा. 9 वॉटचा एलईडी बल्ब साधारण 800 ते 900 ल्युमेन देतो, म्हणजे जुन्या 60 वॉटच्या बल्बपेक्षा कमी नाही. बल्ब बदलता येईल असाच दिवा घ्या. नाहीतर आतला एलईडी गेला, की बहुधा सगळा दिवाच बदलावा लागतो.

जड दिवा स्लॅबमधल्या पक्क्या हुकालाच टांगावा. पीओपीच्या छताला तो भार पेलत नाही. धातूच्या दिव्याला अर्थिंगची तार जोडली आहे ना, हे वायरमनला विचारा. पुसण्याआधी मेन स्विच बंद करा.

शेवटची गोष्ट मुलांची. शोभेच्या दिव्यावर अभ्यास होत नाही. मूल उजव्या हाताने लिहीत असेल, तर टेबललॅम्प डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडणार नाही. दोन्ही दिव्यांना पैसे पुरत नसतील, तर भगिनींनो, आधी हा दिवा घ्या. झुंबर पुढच्या बोनसला आणता येईल, दहावीचे वर्ष मात्र थांबत नाही.