परीक्षेत बंद पडलेला बोर्ड ठेवा

आयटीआयचा 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. दहावीला गणित-विज्ञान असलेल्या मुलामुलींना त्यात प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम वाचला तर नाव ठेवायला फारशी जागा नाही. एसएमडी सोल्डरिंगपासून मायक्रोकंट्रोलरपर्यंत, एसएमपीएसपासून सौरऊर्जेपर्यंत सगळं त्यात आहे. दोष शोधून दुरुस्ती करणंही आहे. माझी हरकत परीक्षेला आहे. लेखी परीक्षा बहुपर्यायी असते, आणि प्रात्यक्षिकात भर असतो तो दिलेलं सर्किट नीट जोडून चालू करून दाखवण्यावर. मुलं परीक्षेत जे विचारलं जातं तेच घोटतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण नोकरीवर पहिल्याच दिवशी समोर येतं ते बंद पडलेलं यंत्र, आणि त्याच्यावर चार पर्याय छापलेले नसतात.

नागपुरात ही उणीव जास्त बोचते, कारण इथली हवाच इलेक्ट्रॉनिक्सची वैरी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. त्यात धूळ, व्होल्टेजचे चढउतार आणि जूनच्या तोंडावर कडाडणाऱ्या विजा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आल्यापासून घरांच्या छतांवर सौर पॅनेल वाढत आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीवर एक इन्व्हर्टर तापत असतो. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत मोटारींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आहेत, रुग्णालयांत मॉनिटर आहेत, २०१९ पासून मेट्रो आहे. हे सगळं बसवणारे हात मिळतील. फुगलेला कपॅसिटर बदलूनही तो पुन्हा का फुगला, हे ओळखणारा माणूस मिळवणं कठीण आहे.

म्हणून परीक्षेत उमेदवारापुढे बंद पडलेला बोर्ड ठेवावा, असं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला आहे: आता दुरुस्ती करतं कोण, अख्खा बोर्डच बदलतात. मोबाइल-टीव्हीच्या बाबतीत यात पुष्कळ तथ्य आहे. पण चार बोर्डांपैकी नेमका कोणता बदलायचा, हे ठरवणं म्हणजेच निदान. ते चुकलं तर गिऱ्हाईक चांगल्या बोर्डाचे पैसे भरतं आणि बिघाड तसाच राहतो. शिवाय महागड्या औद्योगिक ड्राइव्हचा बोर्ड कोणी सहजासहजी भंगारात टाकत नाही. केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली होती. हा विषय संपलेला असता तर तिची गरज पडली नसती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फॉल्ट शोधणं कामावरच येतं, ते शिकाऊ उमेदवारीवर सोपवा, असं तो म्हणतो. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचे २०१९ चे सुधारित नियम पाहा. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. त्याहून लहान दुकानं या चौकटीबाहेरच राहतात. आणि निदानाची विद्या तर अशाच दोन-तीन माणसांच्या दुकानांत मुरलेली असते, जिथे रोज वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या बिघाडाचं यंत्र टेबलावर येतं. मोठ्या कारखान्यात उमेदवार वर्षभर एकाच लाइनवर उभा राहण्याची शक्यता जास्त. म्हणून हे शिक्षण कायद्याच्या भरवशावर न सोडता आयटीआयच्या वर्गातच व्हायला हवं. तसा बदल अशक्यही नाही. याच शहरातल्या शासकीय आयटीआयमध्ये विमान उद्योगाला हवा म्हणून एरोनॉटिकल फिटरचा स्वतंत्र ट्रेड दसॉल्त कंपनीच्या पुढाकाराने उभा राहिला. इथे तर नवा ट्रेडही नको, फक्त परीक्षेची मांडणी बदलायची आहे.

साहित्याचा प्रश्नही अवघड नाही. चालू किटमध्ये शिल्पनिदेशकाने एक ड्राय सोल्डर करावा, एखादा ट्रॅक कापावा, आतून तुटलेला (ओपन) रेझिस्टर बसवावा आणि बोर्ड उमेदवाराच्या हाती द्यावा. मल्टिमीटर आणि सर्किट डायग्राम सोबत. बोर्ड कमी व्होल्टेजचा निवडला की धोका नाही. गुण मात्र नुसत्या दुरुस्तीला देऊ नयेत, कारण नशिबानेही कधी बोर्ड चालू होतो. निम्म्याहून जास्त गुण उमेदवाराने लिहिलेल्या मार्गाला असावेत: मीटर आधी कुठे लावला, किती व्होल्ट यायला हवे होते, किती आले, आणि मग संशय कोणत्या भागावर गेला.