गच्चीवरची बाग आणि यतना

व्यापारी पेठेतील घरांना अंगण क्वचितच असते. खाली पेढी, वर राहती जागा आणि माथ्यावर गच्ची, अशीच बहुतेकांची रचना. उन्हाळ्यातील पापड आणि लोणच्याच्या बरण्या सोडल्या तर या गच्चीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नसे. अलीकडे मात्र पेढीचा कारभार मुलांकडे सोपवलेले अनेक श्रावक आणि श्राविका तेथे कुंड्या मांडू लागले आहेत.

अशा घरांत एक शंका हमखास निघते. माती उकरणे, पाणी घालणे, फांदी छाटणे यांत पृथ्वीकाय, अप्काय आणि वनस्पतिकाय जीवांची विराधना होतेच. मग उतारवयात हा नवा आरंभ कशासाठी? शंका रास्त आहे, ती हसण्यावारी नेता येणार नाही. संकल्पी हिंसा गृहस्थाला सर्वथा वर्ज्य आहे. आरंभी हिंसा अटळ असली तरी तिला मर्यादा घालावयाची, ही शास्त्राची शिकवण. बाजारातील भाजीही कोणीतरी जमीन नांगरून, बहुधा औषधे फवारून पिकवलेली असते, असे उत्तर काही जण देतात. ते खरे असले तरी पुरेसे नाही. दुसऱ्याच्या खात्यातील नोंद दाखवून आपले खाते चुकते होत नाही.

अधिक समर्पक उत्तर बाग सांभाळणाऱ्यांच्या वागण्यात सापडते. इरियावहिया सूत्रात जाण्या-येण्यात दुखावलेल्या जीवांचे स्मरण आहे. त्यात बीज, हिरवळ, दव, मुंग्यांची बिळे, बुरशी, पाणी, माती, कोळ्याचे जाळे यांचा उल्लेख येतो. हे शब्द वर्षानुवर्षे तोंडपाठ असतात. गच्चीवर भल्या सकाळी यांतील एकेक वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते. मग कुंडी सरकवण्यापूर्वी खाली पाहिले जाते, मुंग्यांची रांग ओसरेपर्यंत झारी बाजूला राहते, पाणी गाळूनच घातले जाते. माती बदलण्याचे काम उन्हाळ्यातच उरकते. चातुर्मासात उकरणे बंद. कंदमुळांचा प्रश्नच नाही. दुधी, दोडका, कारले, कढीपत्ता आणि थोडा मोगरा, एवढ्यावर भागते. हौस वाढली की कुंड्याही वाढतात, म्हणून काही घरांत 15 कुंड्यांची मर्यादा ठरवून घेतली जाते. परिग्रह मातीचाही होतो.

दुधीचा वेल या सर्वांत मोठा शिक्षक. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. चौविहार करणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले असते आणि नेमकी तीच वेळ वेलीजवळ जाण्याची. लांब, बारीक देठाचे ते नरफूल; ज्याच्या पाठीशी लवदार इवलेसे फळ असते ते मादीफूल. शहरातल्या उंच गच्चीवर परागकण वाहून नेणारे कीटक पुरेसे फिरकत नाहीत आणि ते इवले फळ पिवळे पडून गळून जाते. तेव्हा नरफुलातील पराग अलगद मादीफुलाला लावावा लागतो. एका शब्दावर हजारोंचा सौदा करणाऱ्या माणसाला फळ धरले की नाही हे कळण्यासाठी तीन-चार दिवस वाट पाहावी लागते, आणि तेथे घाई, ओळख, उधारी काहीच चालत नाही. धरलेले फळ साधारण दोन आठवड्यांत काढणीला येते. माती, खत आणि कुंडीचा खर्च मांडला तर हा व्यवहार निव्वळ तोट्याचा. कोणताही जाणता व्यापारी ही शाखा पहिल्याच वर्षी बंद करील. तरीही ते दुधी घरात येते त्या दिवशी सुनेपासून नातवापर्यंत सर्वांना हाक मारून दाखवले जाते.

चतुर्दशीला हिरवी भाजी न आणणे सोपे असते, मंडईत गेले नाही की झाले. पण काढणीला आलेले दुधी डोळ्यांसमोर लोंबत असताना हात आवरणे, हा वेगळाच अनुभव. दुसऱ्या दिवशी ते थोडे जून झालेले असते. घरात त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

हंगामाच्या शेवटी एक फळ वेलीवरच राहू दिले जाते. ते वाळून लाकडासारखे कठीण होते. हलवले की आत बिया खुळखुळतात. दिवाळीत नवी चोपडी उघडते त्या सुमारास त्या बियांची पुडी बांधली जाते आणि तिच्यावर पुढच्या वैशाखाची नोंद होते.