खाऱ्या पाण्याची छोटी टाकी: तळाला कुठली वाळू घालाल?

ईदीचे पैसे साठवून मुलांनी फिश टँक मागणं आपल्या घरांत आता नवं राहिलेलं नाही. त्यातही आखातात नोकरीनिमित्त राहून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांनी तिथे समुद्री माशांच्या टाक्या पाहिलेल्या असतात. मग गोल्डफिशवर त्यांचं समाधान होत नाही. नारिंगी-पांढरा क्लाउनफिश हवा असतो, सोबत प्रवाळाचा देखावा हवा असतो. घरातली मोठी माणसं काच, लाइट आणि पंप यांची चौकशी करतात आणि वाळू मात्र शेवटी, उरल्या पैशांत, मिळेल ती घेतात.

खरं तर पंप उद्या बदलता येतो, लाइटही बदलता येतो. वाळू एकदा घातली, तिच्यावर दगड रचले आणि वर्ष गेलं की ती बदलणं फार अवघड. जुनी वाळू ढवळली तर तळाशी साठलेली घाण एकदम पाण्यात मिसळते आणि मासे दगावू शकतात. म्हणून या महिन्यात फक्त तळाविषयी बोलू. हिशेबासाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच, म्हणजे साधारण ६५ लिटरची टाकी धरू.

वाळू हवीच का?

काही जण तळ उघडाच ठेवतात. काचेवर पडलेली घाण दिसते आणि नळीने लगेच ओढून काढता येते. ज्यांना निगा राखायला वेळ कमी, त्यांना ही पद्धत सोयीची आहे. पण काचेत प्रतिबिंब पडून काही मासे बिचकतात, आणि वाळूत राहणाऱ्या जिवांना तिथे जागाच नसते. गोबी मासा आणि त्याच्यासोबत बीळ करून राहणारी पिस्तूल कोळंबी ही जोडी पाळायची असेल, तर वाळू लागतेच. रात्री वाळूत शिरून झोपणाऱ्या रासे जातीच्या माशांचंही तसंच. क्लाउनफिशचं मात्र वाळूवाचून काही अडत नाही. तेव्हा आधी कोण पाळायचं ते ठरवा, मग तळ ठरवा.

कसली वाळू?

या टाकीसाठी अ‍ॅरागोनाइटची वाळू सर्वांत बरी. तो कॅल्शियम कार्बोनेटचाच एक प्रकार. प्रवाळाचा सांगाडा आणि कित्येक शिंपल्यांचं कवच त्याचंच बनतं. दुकानदार सांगतात की ही वाळू घातली की पाण्याचा पीएच आपोआप टिकतो. हे अर्धंच खरं आहे. समुद्री टाकीत पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो आणि तेवढ्यात ही वाळू जवळजवळ विरघळत नाही. वाळूच्या खोल थरात, जिथे पाणी थोडं आम्लधर्मी होतं, तिथेच ती किंचित विरघळते. त्यामुळे पाण्याची तपासणी आणि ठरल्या दिवशी पाणी बदलणं यातून सुटका नाही.

पाकिटावर काय लिहिलंय यावर विसंबू नका. चमचाभर वाळू वाटीत घ्या आणि तिच्यावर स्वयंपाकघरातला सिरका टाका. बुडबुडे फसफसून आले तर ती कार्बोनेटची. काहीच झालं नाही तर ती साधी गारेची वाळू. गारेची स्वच्छ वाळू विषारी नसते, पण बांधकामाच्या वाळूत माती आणि लोहाचे कण असतात. ती नकोच. गोड्या पाण्याच्या टाकीतले रंगीत खडेही नकोत.

दाणा आणि थर

साखरेसारखी बारीक वाळू दिसायला सुंदर, पण छोट्या टाकीत पंपाच्या झोताने उडते आणि एका कोपऱ्यात ढीग होतो. तीन-चार मिलिमीटरचे जाड तुकडे उडत नाहीत, पण त्यांच्या फटींत उरलेलं अन्न आणि विष्ठा अडकून कुजते आणि पाण्यातलं नायट्रेट वाढत जातं. १ ते २ मिलिमीटरचा दाणा या दोन्हींच्या मधला आणि पहिल्या टाकीसाठी योग्य. गोबी आणि कोळंबीसाठी त्यात थोडे शिंपल्यांचे तुकडे मिसळा. बिळाचं छत त्यांच्यामुळे टिकतं.

थर अडीच ते तीन सेंटिमीटर पुरे. दहा सेंटिमीटरपेक्षा जाड थराचीही एक पद्धत आहे. त्यात खोलवर प्राणवायू पोहोचत नाही आणि तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. पण ३६ सेंटिमीटर उंचीच्या टाकीत एवढी जागा वाळूला देणं परवडत नाही. शिवाय अशा थरात हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू माशांना घातक आहे.

आता हिशेब. ६० गुणिले ३० गुणिले ३ म्हणजे ५,४०० घन सेंटिमीटर, अर्थात ५.४ लिटर वाळू. कोरडी अ‍ॅरागोनाइट लिटरला साधारण दीड किलो भरते. म्हणजे आठ किलो पुरेत. दुकानदार वीस किलो गळ्यात मारत असेल तर हा हिशेब दाखवा.

समुद्रावरून आणू का?

कोकणातल्या घरांत हा विचार हमखास येतो. समुद्र दारात आहे, मग वाळू विकत कशाला? पहिलं कारण: आपल्या किनाऱ्यावरची वाळू बऱ्याच ठिकाणी कार्बोनेटची नसते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर इल्मेनाइटचे काळे कण आढळतात, ज्यात लोह असतं. दुसरं कारण: सीआरझेडच्या नियमांनी किनाऱ्यावरची वाळू उपसायला बंदी आहे.

प्रवाळाचं तर त्याहून कडक आहे. दगडी प्रवाळ २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि १९८७ पासून मालवणचा तो भाग सागरी अभयारण्य आहे. तिथला वाळलेला तुकडाही उचलू नका. आखातातून येताना मुलांसाठी बॅगेत प्रवाळ टाकून आणणंही टाळा. दगडी प्रवाळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाहीत. दुकानात जिवंत प्रवाळ विकायला असेल तर आधी आयातीची आणि परवान्याची कागदपत्रं मागा. ती नसतील तर रिकाम्या हाताने परत या. छोट्याशा हौसेपायी मुलांच्या अब्बांना चौकशीला बोलावलं जावं, असं कोणाला वाटेल?

घालण्याची रीत

कोरडी वाळू बादलीत घेऊन पाणी नितळ होईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी आरओचं घ्या. पाकिटातली ओली, ‘जिवंत’ म्हणून विकली जाणारी वाळू मात्र धुवायची नाही, कारण तिच्यातल्या जिवाणूंसाठीच तुम्ही जादा पैसे दिलेले असतात. ओळखीच्या एखाद्या निरोगी टाकीतली मूठभर वाळू मिळाली, तरी काम होतं.

आधी दगड थेट तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग भोवती वाळू पसरा. दगड वाळूवर ठेवले आणि कोळंबीने खालून पोखरलं, तर दगड कोसळून काच फुटू शकते. पाणी ओतताना तळाशी एक बशी ठेवा आणि तिच्यावर हळूहळू ओता. एक-दोन दिवस पाणी गढूळ दिसेल. काळजी नको.

त्यानंतर चार ते सहा आठवडे थांबा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच पहिला मासा आणा. या काळात वाळूवर तपकिरी थर येईल. तो डायाटम शेवाळाचा असतो, बहुधा आपोआप ओसरतो.

पुढे दर आठवड्याला पाणी बदलताना वाळूचा एक तृतीयांश भागच नळीने साफ करा. काच पुसायचं चुंबक वाळूच्या अगदी जवळ नेऊ नका, मध्ये दाणा अडकला की काचेवर कायमचा ओरखडा उठतो. आणि हे काम कोण करणार, ते टाकी घेण्याआधीच ठरवा. बहुतेक घरांत महिनाभराने ते अम्मीच्या गळ्यात येतं. घरात आणलेला मुका जीव अमानत आहे. ज्यांनी हौस केली, त्यांनीच तो सांभाळावा.

पुढच्या महिन्यात: एप्रिल-मेच्या उकाड्यात समुद्री टाकीचं पाणी थंड कसं ठेवावं.