गोल करणारा आणि गोल करविणारा

बर्फावरील हॉकी हा कॅनडा देशाच्या जिव्हाळ्याचा खेळ होय. तेथील व्यावसायिक संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. कोणास द्यावें, कोणास घ्यावें, आघाडीच्या फळींत कोणते तिघे जोडावे, यांवर शौकिनांचे वाद अखंड चालतात. वादांत गैर कांहीं नाहीं. परंतु माणसाचें मोल केवळ त्याच्या गोलांवरून ठरविणें मला अपुरें वाटतें.

१९८८ सालीं एडमंटनच्या संघानें आपला संघनायक वेन ग्रेट्झ्की लॉस एंजलिसच्या संघास दिला. मोबदल्यांत कांहीं खेळाडू व दीड कोटी डॉलर मिळाले. निरोप घेतांना त्याला रडूं आवरलें नाहीं. पुढें १९९० सालीं एडमंटननें त्याच्यावांचून सर्वोच्च मानाचा स्टॅन्ले चषक जिंकला! कारण त्याच्यासह पूर्वी चार वेळां तो चषक जिंकलेले मेसिए व कुर्री हे सोबती तेथें होते. मग ग्रेट्झ्कीची थोरवी लटकी काय? मुळींच नाहीं. चषकाच्या अंतिम फेऱ्या वगळतां त्यानें कारकीर्दींत ८९४ गोल केले; पण इतरांच्या गोलांस साह्य केलें, तें १९६३ वेळां!

शरीर एक, अवयव पुष्कळ, ही संत पौलाची शिकवण क्रीडांगणावरही खरी आहे. आपला मुलगा आघाडीस नाहीं म्हणून खिन्न होणाऱ्या पालकांस माझी नम्र विनंति आहे: सामन्याहून परतलेल्या मुलास “किती गोल केलेस?” असें विचारण्यापूर्वीं “आज कोणास साह्य केलेंस?” असें विचारावें.